स्वयंपाकघरातला नळ हलतोय, सिंकखाली पाणी – बेसिन पाना सध्या कोणाकडे आहे?

प्रेषक: मराठी शाळा

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या हत्यारांच्या पेटीतला तो लांब दांडीचा, सिंकखालचे नट फिरवायचा बेसिन पाना कोणाकडे आहे? मला आजच हवाय. हॉलचा नळ बदलला तेव्हा मी तो शेवटचा पाहिला.

घरचा नळ बुडापासून हलतोय. दांडी वर केली की अख्खा नळच मागे कलतो. महिनाभर तसंच चालवून घेतलं, पण काल सिंकखालचं कपाट उघडलं तर तळाची फळी ओली आणि कडेला फुगलेली. बादली लावून ठेवली, सकाळी तिच्यात दोन बोटं पाणी. नळाखालचा नट आवळला की हलणं आणि गळणं दोन्ही थांबेल ना? नळ एका दांडीचा आहे, बाहेर ओढता येणाऱ्या शॉवरचा. रविवारी वर्ग माझ्याकडे आहे, त्याआधी उरकायचंय.

---

प्रेषक: खजिनदार

नोंदवहीप्रमाणे पाना नाट्यविभागाकडे आहे. नेपथ्यासाठी नेला, परत आल्याची नोंद नाही. पुन्हा तीच विनंती: पेटीतली वस्तू या घरून त्या घरी परस्पर देऊ नका, मधे माझ्याकडे येऊ द्या. ड्रिलचं काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. ताई, तुम्हाला पाना मिळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. फक्त नोंद करून न्या.

---

प्रेषक: नाट्यविभाग

> नोंदवहीप्रमाणे पाना नाट्यविभागाकडे आहे

नाही. प्रयोगाच्या रात्रीच तो हॉलच्या मागच्या खोलीत ठेवला. मी स्वतः ठेवला आणि तेव्हा आणखी दोघं हजर होती. वही त्या रात्री हॉलवर नव्हती, म्हणून नोंद राहिली.

ताई, पान्यावाचूनही काम होऊ शकतं. सिंकखाली डोकं घालून टॉर्च मारा. बऱ्याच नव्या नळांना खाली प्लास्टिकचा पंखवाला नट असतो, तो हातानेच फिरतो. काहींना उभा आट्यांचा दांडा आणि त्यावर लहान नट असतो, त्याला नळीसारखा बॉक्स पाना लागतो. बेसिन पाना लागतो तो मोठ्या चपट्या नटाला.

आणखी एक. तुमचं सिंक स्टीलचं आहे का? आमच्याकडे नट कितीही आवळला तरी नळ डुलायचा. शेवटी कळलं, डुलत होता तो पत्रा! पातळ पत्र्याला खालून आधार नसतो. भोकाच्या मापाची प्लायवुडची चकती कापली, खालून पत्र्याला लावली, तिच्यावर नट आवळला. सहा वर्षं झाली, नळ खांबासारखा उभा आहे.

---

प्रेषक: हॉल व्यवस्था

ताई, थांबा. कृपा करून आधी नट आवळू नका.

हलणं आणि गळणं हे बहुतेक वेळा दोन वेगळे आजार असतात. आधीच नट आवळलात तर पाण्याची वाट बदलेल, मूळ जागा सापडायची नाही आणि फळी आतून कुजत राहील. मी हे एका घरी होताना पाहिलंय. वरून सगळं ठाकठीक दिसत होतं, आणि एक दिवस कपाटाचा तळच खाली आला.

पाणी जिथे टपकतं तिथूनच ते गळतं असं नाही. वर कुठेतरी सुटतं, पाइपाच्या जाळीवरून ओघळत येतं आणि पाइपाला सगळ्यांत खाली जिथे बाक आलाय तिथे थेंब धरतं. म्हणून हे करा. कपाट रिकामं करा. पाइप, व्हॉल्व्ह, सिंकची खालची बाजू, सगळं हाताने कोरडं पुसून घ्या. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळा, तळाला पांढरा कागद अंथरा. आता नळ बंद ठेवून दोन तास जाऊ द्या. नळ बंद असताना ओल आली तर दोष पुरवठ्याच्या बाजूला: भिंतीतला व्हॉल्व्ह किंवा तिथून वर जाणारे दोन पाइप, कारण त्यांच्यावर दाब चोवीस तास असतो. कागद कोरडा राहिला तर नळ पाच मिनिटं सिंकमध्ये सोडा, शॉवर बाहेर ओढून, पुढेमागे करून. तेव्हाच ओल आली तर दोष कार्ट्रिजच्या (दांडीखालचा, पाणी उघड-बंद करणारा भाग) पुढचा, म्हणजे तोटी किंवा शॉवरचा पाइप. त्याच्यात दाब येतो तो फक्त नळ उघडल्यावर. शेवटी नळ बंद करून, बूड कोरडं करून, त्याच्याभोवती कपभर पाणी ओता. ते खाली उतरलं तर नळात काही बिघाड नाही, ओट्यावरचं पाणी भोकातून जातंय.

एक विचारतो. बादलीतलं पाणी रात्रभरात जमलं की भांडी घासताना? यावर सगळं अवलंबून आहे.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

इतक्या परीक्षा कशाला? पन्नास वर्षं घरातले नळ मीच बघतोय. दोन्ही पाइप सोडवायचे, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे घालायचे, पुन्हा बसवायचे. गळती बंद.

---

प्रेषक: हॉल व्यवस्था

काका, तुमच्या हाताखालीच मी पहिला नळ बसवला, तरी इथे वेगळं सांगतो. टेप लागते ती पाणी आट्यांनी अडवायचं असतं तिथे, निमुळत्या आट्यांच्या जोडाला. लवचीक पाइपाच्या टोकाला आत रबरी वायसर असतो आणि पाणी तो अडवतो. तिथे टेप घातली की नट पुरता बसत नाही, वायसरावर दाब कमी पडतो आणि नसलेली गळती सुरू होते. हाताने घट्ट करायचं, मग पान्याने पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं की वायसर चिरतो.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

वायसराचं मान्य. पण आटेच जुळत नसतील तर? दुसऱ्या देशातून आणलेला नळ बसवताना मी हे भोगलंय. अर्ध्या इंचाचा म्हणून हौसेने बसवला, दोन फेरे झकास गेले आणि मग अडला. दोन्हीकडे इंचाला चौदाच आटे, त्यामुळे सुरुवातीला चकायला होतं. पण अमेरिकी आट्याचा कोन ६० अंशाचा, ब्रिटिश पद्धतीच्या आट्याचा ५५ अंशाचा. जोर लावून पुढे नेला आणि पितळेचे आटे कायमचे गेले. मधे जोडायचा अडॅप्टर मिळतो, तो घ्या. जोर लावू नका. पदरमोड करून, वजन वाहून नळ आणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय, आपल्या यादीत असे बरेच आहेत.

---

प्रेषक: ग्रंथालय

विषय निघालाच आहे म्हणून माझंही विचारून घेते. माझा नळ खाली गळत नाही, तोंडातून ठिबकतो. परवा मोजलं: २५० मिलिलिटरचा कप ४० मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला नऊ लिटर. रात्री तो आवाज ऐकवत नाही, आणि पाणी वाया जाताना बघणं त्याहून कठीण. दांडी जोराने दाबून बंद केली की थोडा वेळ थांबतो. रबराला व्हॅसलीन लावलं तर चालेल का? आई नेहमी लावायची.

हा एका दांडीचा नळ आला कुठून तेही मध्यंतरी वाचलं. १९३७ साली अल्फ्रेड मोएन यांचे हात जुन्या दोन तोट्यांच्या नळाखाली गरम पाण्याने भाजले, त्यावरून गरम-गार एकाच दांडीने जुळवायचा विचार त्यांच्या मनात आला. बाजारात यायला पुढे दहा वर्षं लागली. आत गोळा असलेला प्रकार अलेक्स मनूगियन यांनी १९५४ मध्ये बाजारात आणला.

---

प्रेषक: नवीन सदस्य

मी या यादीवर नवीन आहे, चुकलं तर सांगा. ताईंचं घर भाड्याचं असेल तर काहीही उघडण्याआधी फोटो काढून मालकाला लेखी कळवावं. मी कळवलं नव्हतं. फुगलेली फळी घर सोडताना माझ्या अनामतीतून वळती झाली. गळती मी येण्याआधीची होती, पण ते सिद्ध कशाने करणार?

---

प्रेषक: हॉल व्यवस्था

ग्रंथालयाच्या ताई, व्हॅसलीन नको. ते खनिज तेलापासून बनतं. नळातल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात, ते तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या, मुगाच्या दाण्याएवढं पुरतं.

दांडी दाबून बंद करणंही सोडा. जुन्या नळात रबरी वायसर दाबला जायचा, म्हणून जोर कामाला यायचा. तुमच्या नळात चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. जोराने त्या जास्त बंद होत नाहीत. मधे रेतीचा कण अडकलाय किंवा चकती चरली आहे. कार्ट्रिज बदला.

आधी पाणी बंद. सिंकच्या भोकावर फडका कोंबा, कारण तो बारीक स्क्रू हमखास तिथेच पळतो. दांडीवरची लाल-निळी टिकली नखाने उचकटा, आत ॲलन कीचा स्क्रू असतो. तो पूर्ण काढायची गरज नाही, सैल झाला की दांडी वर येते. खालची टोपी हाताने फिरवा, मग मोठा नट काढा आणि कार्ट्रिज सरळ वर ओढा. ते घेऊनच दुकानात जा. ३५ आणि ४० मिलिमीटर ही दोन मापं सर्रास आढळतात आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही. त्याच्या बुडाला दोन लहान पाय असतात, ते नळातल्या दोन खाचांत बसले पाहिजेत. बसवण्याआधी आतली बैठक बोटाने चाचपा. क्षाराचा खर लागला तर पुसून काढा, नाहीतर नवं कार्ट्रिजही ठिबकेल.

---

प्रेषक: मराठी शाळा

सगळ्यांचे आभार. घर स्वतःचंच आहे, तरी फोटो काढून ठेवले.

बादलीबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं. रात्री भांडी घासल्यावर मी बादली बघितलीच नव्हती, सरळ सकाळी बघितली. काल नळ बंद ठेवून तीन तास कागद ठेवला: कोरडा ठणठणीत. मग नळ सोडून शॉवर पुढेमागे केला आणि मुलीला टॉर्च धरून खाली बसवलं. ती म्हणाली, "आई, काळ्या पाइपाला घाम येतोय." शॉवरचा पाइप आत-बाहेर होताना प्रत्येक वेळी गरम पाण्याच्या व्हॉल्व्हच्या मुठीवर घासत होता. बोटभर जागेत वरची वीण पार विरलीये, आणि तिथूनच बारीक मण्यांसारखं पाणी सुटतंय. नट आवळून हे कधीच थांबलं नसतं.

पण कपभर पाणी ओतलं तेव्हा तेही खाली उतरलं, मागच्या बाजूने. म्हणजे दोन्ही. नळ खालून धरून ठेवणारी घोड्याच्या नालासारखी पत्र्याची चकती एका बाजूला सरकलीये आणि तिचा नट नेमका चपटा मोठा. पाना लागणारच.

नवी अडचण: व्हॉल्व्ह बंद करून पाहिला तर त्याच्या दांडीपाशीच थेंब यायला लागला! आधी तिथे काही नव्हतं. आता काय करू?

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

घाबरू नका. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह फिरवला की आतलं पॅकिंग जागचं हलतं. मुठीच्या मागे लगेच एक लहान नट आहे, तो आठवा हिस्सा फेरा आवळा. थेंब थांबला की तिथेच थांबा. नाही थांबला तर घराचा मुख्य कॉक बंद करून मगच पुढचं. मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं, मुलांनासुद्धा.

---

प्रेषक: नाट्यविभाग

पाना सापडला. हॉलच्या मागच्या खोलीतच, पण नेपथ्याच्या ट्रंकेत, पडद्याच्या दोऱ्यांखाली. हत्यारांची पेटी तेव्हा बंद होती आणि किल्ली माझ्याकडे नव्हती, म्हणून ट्रंकेत ठेवला असणार. खजिनदार, माझी आठवण अपुरी होती, दिलगीर आहे. आज संध्याकाळी ताईंच्या घरी पोहोचवतो.

---

प्रेषक: खजिनदार

नोंद केली: नाट्यविभागाकडून परत, मराठी शाळेकडे रवाना. पेटीची दुसरी किल्ली हॉल व्यवस्थेकडे द्यायला माझी हरकत नाही, पुढच्या बैठकीत विषय घेऊ.

---

प्रेषक: मराठी शाळा

झालं! पॅकिंगचा नट आठवा हिस्सा फिरवताच थेंब थांबला. शॉवरचा पाइप नवा घातला आणि त्याला आत ओढून घेणारं वजन व्हॉल्व्हपासून लांब, डाव्या हाताला सरकवलं, आता तो मुठीला शिवतच नाही. चकती मधोमध आणून नट आवळला. वरून मुलीने नळ सरळ धरला, खाली मी पाठीवर पडून. पान्याचा जबडा उलटा करायचा असतो हे उमगायला दहा मिनिटं गेली: एका बाजूने आवळतो, उलटा केला की सैल करतो. नंतर शॉवरच्या तोंडाची जाळी काढून पाणी सोडलं तर सिंकमध्ये काळी रेती पडली. जाळी न काढता सोडलं असतं तर ती सगळी तिच्यातच अडकली असती.

कपभर पाणी पुन्हा ओतलं. खालचा कागद कोरडा. फळी उघडी ठेवून वाळवतेय, कपाट आठवडाभर रिकामंच ठेवणार. पाना शनिवारी खजिनदारांकडे आणून देते.

---

प्रेषक: ग्रंथालय

शनिवारी मी तिथेच असेन, पाना माझ्या नावावर चढवा. जुनं कार्ट्रिज काढलं, बैठकीला खर होता, पुसला. नवं ३५ चं बसलं, ठिबकणं थांबलं. पण वरचा नट फिरवताना अख्खा नळ फिरला आणि आता माझाही बुडापासून हलतोय.