मागचं एअर सस्पेन्शन काढून कॉइल स्प्रिंग टाकावी का?

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. बीएमडब्ल्यू एक्स५, ई७० पिढीची, २०११ची, सात सीटची. सेकंडहँड घेतली आहे. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी मागून डावीकडे बसलेली असते. सुरू केली की हवा भरणारा कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतो, मग वर येते. गॅरेजवाला म्हणतो, एअर काढून कॉइल टाकू, कायमची कटकट मिटेल. गणपतीला सगळे मिळून राजापूरला जायचंय. काय करू?

पाना_पक्कड:
दादा, घाई करू नका, आधी गळती कुठे आहे ते शोधा. एकच बाजू बसतेय म्हणजे पहिला संशय त्या बाजूच्या बलूनवर, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी पिशवीवर. दोन्ही सारख्या बसल्या असत्या तर व्हॉल्व्ह आणि पाइपचे जोडही बघायला सांगितले असते.

गाडी लिफ्टवर घेऊन चाक लोंबू द्या आणि बलूनच्या खालच्या घडीवर टॉर्च मारा. एरवी ती घडी नीट दिसत नाही. पावसाळ्यात तिथे बारीक रेती साचते, गाडी खालीवर झाली की रबर घासतं आणि बारीक चिरा पडतात. मग हवा भरलेली असताना साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की चोर सापडला. गाडी खाली घेताना मात्र बलूनमध्ये हवा हवीच. रिकाम्या बलूनवर वजन आलं तर रबर चिमटून नवा बलूनसुद्धा फाटतो.

कॉम्प्रेसर आत्ता ती गळतीच भरून काढतोय. असाच चालत राहिला तर जळेल आणि खर्च वाढेल. बलून जोडीनेच बदला, दुसरा त्याच वयाचा आहे.

घाटकोपर_सारथी:
मी दुसऱ्या गाडीत कॉइल टाकल्यात आणि समाधानी आहे. पण आम्ही घरात दोघंच, डिकी बहुतेक रिकामी. कॉइलचा ताठपणा ठरलेला असतो. भार पेलणारी कडक स्प्रिंग घेतली तर रिकामी गाडी पुलांच्या सांध्यांवर आपटते, मऊ घेतली तर भरल्यावर मागून बसते. एअर भाराप्रमाणे उंची सांभाळतं, ते सुख जातं. डॅशबोर्डवरचा इशारा घालवायला कोडिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल, लागतं. उंचीचे सेन्सर कापू देऊ नका, हेडलाइटची पातळी त्यांच्यावर अवलंबून असू शकते. शेवटी चाकांची अलाइनमेंट करा.

मुलुंडकर:
आम्ही सात जण आणि सामान. म्हणजे एअरच ठेवू?

पाना_पक्कड:
तुमच्यासाठी हो, माझं ठाम मत आहे. सात माणसं, डिकी भरलेली आणि कशेडी-परशुरामचा रस्ता, म्हणजे ज्या कामासाठी एअर दिलंय तेच काम. बलून आणि कॉम्प्रेसर दोन्ही गेले असते आणि गाडी शहरातच फिरत असती, तर मीच कॉइल सुचवली असती.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना बलून स्वस्तात मिळेल, तो घेऊ नका. जुन्या रबराचा काही भरवसा नाही. नवाच घ्या, डब्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या चॅसी नंबरशी जुळवून. कॉम्प्रेसरचा ड्रायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारा भाग, तोही तपासून घ्या. मुंबईच्या दमट हवेत तो ओलाव्याने भरून जातो आणि मग पाणी व्हॉल्व्हपर्यंत जातं. पुढे कधी कॉइलकडे वळलात तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

मुलुंडकर:
मनापासून आभार. शनिवारी गाडी लिफ्टवर घेतो, घडीचा फोटो इथेच टाकतो.