टायरातले ‘दोन बार’ आणि आपला ‘भार’

परवा म्हापशाला चाकात हवा भरायला थांबलो. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर हवेचा दाब २.२ बार असं छापलेलं. पोराने विचारलं, ‘‘कितलें वारें घालूं?’’ म्हटलं, दोन पूर्णांक दोन बार. तो हसायलाच लागला. गोव्यात बार म्हटल्यावर दुसरं काय आठवणार! शेवटी मीटरजवळ जाऊन बघितलं. तबकडीवर आकड्यांची दोन कडी होती, बाहेरच्या कड्यावर ३२ आणि त्याच रेषेत आत २.२. ‘‘मग बत्तीस पौंड म्हणा की,’’ इति पोरगा.

माझी शंका अशी, की हा बार आपल्या ‘भार’चा भाऊबंद आहे का? शाळेत वायुभारमापक शिकलो होतो. आणि पौंड तर वजनाचं माप, ते दाबाला कसं चालतं?

प्रतिसाद १
दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. भार आला ‘भृ’ धातूवरून, म्हणजे वाहणे. ग्रीकमधलं त्याचं नातं ‘फेरो’शी. बार आला ग्रीक ‘बारोस’वरून, म्हणजे वजन, आणि ‘बारिस’ म्हणजे जड. त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ ‘गुरु’, लॅटिनमधला ‘ग्राविस’. वृत्तातल्या लघु-गुरू अक्षरांतला जो गुरू, तोच चाकात भरलात!

प्रतिसाद २
पौंड म्हणजे ‘पौंड प्रति चौरस इंच’. बोलताना शेपूट गळलं. ट्रकवाले ‘सात किलो हवा’ म्हणतात तेही तसंच, तिथे प्रति चौरस सेंटिमीटर गिळलेलं असतं. एक बार म्हणजे १४.५ पौंड, एक किलो म्हणजे १४.२. फरक दोनेक टक्क्यांचा, म्हणून बार आणि किलोची सरमिसळ झाली तरी टायराला कळत नाही. मात्र पौंडाच्या जागी बार समजलात तर टायर फुटेल.

दाबाच्या प्रमाण एककाचं पास्कल हे नाव १९७१ साली ठरलं, पण एकक इतकं बारीक की एका बारात बरोबर एक लाख मावतात. आपल्या लाखात मोजायला किती सोयीचं! हवामानाच्या बातम्यांतला हेक्टोपास्कल म्हणजे जुना मिलिबारच, पाटी तेवढी नवी.

प्रतिसाद ३
एक पुस्ती. मीटर दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब. ती हवाही साधारण एक बार दाबतेच, म्हणजे तुमच्या चाकात खरे ३.२ बार. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटापाशी पाण्यात बुडी मारणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, दर १० मीटरला एक बार वाढतो.

बाकी ‘वायुभार’ मला खटकतो. भार म्हणजे वजन. तेच वजन किती जागेवर पडलं, तो दाब. रक्तदाबाला कुणी रक्तभार म्हणतं का?

मूळ धागाकर्ता
नाही म्हणत. पण डॉक्टर नुसतं ‘१२०’ म्हणतात, तिथे पाऱ्याचे मिलिमीटर गिळलेले! बार काढले तर ०.१६ होतात, हे आत्ताच करून पाहिलं.