मानस कुणी बांधली ते ठाऊक आहे, विश्वाचं काय?

खाजनकार, माशेल

आमचं खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेतजमीन, गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्याला लागून आहे आणि बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारांची चौकट आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भरती चढली की बाहेरच्या पाण्याचा दाब लाकडी दारांवर येतो आणि ती आपसूक मिटतात. ओहोटीला शेतातलं पाणी आतून रेटतं, दारं उघडतात. त्याच्या जोरावर भरतीच्या पातळीखालच्या जमिनीत आमचं कोरगुट भात पिकतं. बाबांनी ही मानस चाळीस वर्षं राखली. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

त्यांच्या बाराव्याला एक नातलग म्हणाले, "दार इतकं चपखल बसतं म्हणजे सुतार असणारच. विश्वही तसंच चपखल आहे, त्यालाही कुणी घडवणारा हवा." मला उत्तर सुचलं नाही. मग वाचायला लागलो. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जेमतेम ०.१४ टक्के जड आहे. उलटं असतं तर हायड्रोजन टिकला नसता, म्हणजे पाणी नाही, भात नाही. हे जीवसृष्टीसाठी मुद्दाम केलेलं आहे का? ज्याची त्याची श्रद्धा, एवढ्यावर कृपया सोडू नका.

भौतिकीची शिक्षिका, डिचोली

तुमच्या नातलगांसारखंच खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनाही वाटलं होतं. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन अणुकेंद्रं जुळून कार्बन होतो. पण पहिली दोन जुळून जे बेरिलियम बनतं, ते जन्मताच फुटतं. तिसरं येऊन मिळणार कधी? १९५३ मध्ये हॉइल म्हणाले, कार्बनच्या अणुकेंद्राला नेमक्या ठिकाणी ही जुळणी सोपी करणारी एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर एवढा कार्बन आला कुठून? अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या प्रयोगशाळेत शोध घेतला आणि ती सापडली, ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास. देव न मानणाऱ्या या माणसाने १९८१ मध्ये लिहिलं की कुणा महाबुद्धीने भौतिकीत हात घातलाय असं वाटतं.

पुढचं मात्र सहसा कुणी सांगत नाही. १९८९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी गणित करून पाहिलं. ती पातळी ०.०६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टने वर सरकवली तरी कार्बनच्या प्रमाणात फारसा फरक पडत नव्हता. दार आपण समजतो तितकं घट्ट बसवलेलं नाही.

मांडवीकाठ

१९७३ मध्ये पोलंडमधल्या क्राकोला कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी मांडलेला मुद्दा इथे लागू आहे. विश्व आपल्याला सोयीचंच दिसणार, कारण गैरसोयीच्या विश्वात बघायला कुणी नसतं. आणि कोरगुट खारं सोसतं म्हणून माती त्याच्यासाठी खारट केली, असं आपण म्हणतो का? जे सोसू शकलं ते बियाणं टिकलं.

भौतिकीची शिक्षिका, डिचोली

मांडवीकाठ, कोरगुटचा दाखला इथे पुरत नाही. बियाणं मातीशी जुळवून घेतं, पण त्यासाठी आधी बियाणं हवं. कार्बनच नसेल तर जुळवून घेणार कोण? कार्टर यांचं म्हणणं बिनचूक आहे, पण विश्वं पुष्कळ असतील तरच त्याने कोडं सुटतं. दुसरं विश्व आजवर कुणी पाहिलेलं नाही.

निवृत्त, फोंडा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त काढून वाचा. शेवटची ऋचा म्हणते, परम आकाशात जो या सृष्टीचा अध्यक्ष आहे त्याला हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. मी रोज पूजा करतो आणि ही ओळ मला पूजेच्या आड आलेली नाही.

खाजनकार, माशेल

सगळ्यांचे आभार. दोन दिवस यावरच विचार केला.

मी लहान असताना कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरून पोखरून बांधाला भगदाड पडलं. बाबा आणि शेजारी रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात चिखल आणि पेंढा ठासत होते. तरी खारं पाणी आत शिरलंच. पुढे तीन वर्षं त्या तुकड्यात काही पिकलं नाही, पण बाबा रोज बांधावर जायचे. दारांच्या सांध्यातून नेहमी थोडं झिरपतं, तेही ते हाताने चाचपून बघत. ही मानस मुद्दाम बांधलेली आहे हे मला दार चपखल बसतं म्हणून कळत नाही. ते नीटसं बसतच नाही. कुणीतरी परत परत येऊन डागडुजी करतं, म्हणून कळतं.

कार्बनच्या त्या पातळीची डागडुजी करायला कुणी आल्याचं दिसत नाही. म्हणून 'मुद्दाम' हा शब्द मला तिथे अजून लावता येत नाही. फोंड्याचे काका म्हणतील, ज्याचं काम पक्कं त्याला डागडुजी कशाला? त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो प्रश्न मला नातलगांच्या सुतारापेक्षा मोठा वाटतो.

ताई, १९८९ चं ते गणित मराठीत कुठे वाचायला मिळेल का? अमावास्येची भरती मोठी असते, त्याआधी खालची भेगाळलेली फळी बदलायची आहे. ते झालं की निवांत वाचेन.