मदत हवी आहे: आजीला आणि वडिलांना दाखवता येईल असा सिनेमा सुचवा

नमस्कार. मी सोलापूरची. माझ्या बहिणीचं लेकरू नऊ वर्षांचं आहे, कागदोपत्री मुलगा. गड्ड्याच्या जत्रेत त्यानं खेळणी सोडून काचेच्या बांगड्या मागितल्या, तर वडील खेकसले. परवा आजीचं इरकल अंगाभोवती गुंडाळून आरशासमोर उभं होतं. जिन्यात वडिलांची चप्पल वाजली तशी घाईघाईनं घडी घालायला लागलं. ती वाकडीतिकडी घडी बघून माझ्या पोटात तुटलं. मला हळूच विचारलं, "मावशी, मी मुलगी असले तर चालेल का गं?" मी जवळ घेतलं. दुसरं काही सुचलंच नाही.

तेव्हापासून मी सिनेमे शोधतेय, कारण आमच्याकडे समजावून सांगितलेलं कुणी ऐकत नाही, पण पडद्यावरचं बघून आजी रडते. '२०,००० स्पीशीज ऑफ बीज' (२०२३) हा स्पॅनिश सिनेमा मला फार आवडला. त्यात कागदोपत्री मुलगा असलेल्या आठ वर्षांच्या लुसियाला मधमाश्या पाळणारी आजीची बहीण आईच्याही आधी समजून घेते. पण आजीला पडद्याखालची भाषांतराची अक्षरं वाचवत नाहीत. 'टॉमबॉय' (२०११) या फ्रेंच सिनेमातली आई मुलगा म्हणून वावरणाऱ्या आपल्या मुलीला जबरदस्तीनं फ्रॉक घालते. भावजी नेमकं तेवढंच उचलतील अशी भीती वाटते.

मराठी, हिंदी किंवा कानडीत (आजीला कानडी छान कळतं) असं काही आहे का? लेकराची टिंगल नको, शेवटी मरणही नको. आणि सोलापुरात किंवा पुण्यात मुलांशी नीट बोलणारे, 'सुधारायला' न बघणारे समुपदेशक माहीत असतील तर कृपया कळवा.