विद्यार्थ्यांचे पत्रकारिता-प्रकल्प निकालानंतरही ऑनलाइन ठेवावेत का?

नवी प्राध्यापिका, सोलापूर

मी यंदापासून सोलापुरातील एका महाविद्यालयात पत्रकारिता शिकवते. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांनी केलेले ऑनलाइन प्रकल्प पाहून मला अतिशय अभिमान वाटतो आहे. एका गटाने शहराच्या कोणत्या भागात किती दिवसांआड पाणी सुटते, हे घरोघरी विचारून त्याचा नकाशा केला आणि माहितीच्या अधिकारात मागवलेल्या वेळापत्रकाशी तो ताडून पाहिला. दुसऱ्या गटाने पूर्व भागातील विडी कामगार महिलांशी तेलुगूत बोलून हजार विड्यांमागे हातात नेमके काय पडते, याचा हिशेब त्यांच्याच आवाजातील मुलाखतींसह मांडला. घरी तेलुगू बोलणाऱ्या, पण वर्गात एरवी गप्प असणाऱ्या मुलींनी हे काम पेलले, याचे मला विशेष कौतुक आहे. गुण दिल्यावर असे प्रकल्प काढून टाकण्याची आमच्या विभागात पद्धत आहे. ते कायम ठेवावेत, असे मला वाटते. त्यासाठी कोणती काळजी घ्यावी?

निवृत्त वार्ताहर

मॅडम, प्रकल्प जरूर ठेवा, परंतु त्या महिलांना पुन्हा भेटल्याशिवाय नको. ‘कॉलेजच्या अभ्यासासाठी’ म्हणून दिलेली संमती आणि कोणालाही, केव्हाही ऐकता येईल अशा मुलाखतीला दिलेली संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाने आणि तंबाखू ज्या कारखान्यातून मिळतात, तेथेच तयार विड्या मोजून द्याव्या लागतात. त्यामुळे मजुरीविषयी बोललेली बाई ओळखू आली, तर तिच्या कामावर परिणाम होऊ शकतो. नुसते नाव बदलून भागत नाही, कारण आवाज, गल्लीचा उल्लेख आणि घराचे छायाचित्र एकत्र आले की शेजारी सहज ओळखतात. मुलाखत त्यांना मोबाइलवर ऐकवा, कोठे दिसणार ते दाखवा आणि नंतर नकोशी वाटल्यास ती काढण्यासाठी कोणाला सांगायचे, तेही सांगून ठेवा.

माजी विद्यार्थी, सध्या वृत्तसंकेतस्थळावर

पाण्याच्या नकाशावर माहिती गोळा केल्याची तारीख ठळक हवी. उजनी धरणातील साठा आणि जलवाहिनीची दुरुस्ती यांनुसार पाळी बदलते, म्हणून तारीख नसलेला नकाशा पुढच्या उन्हाळ्यात लोकांची दिशाभूल करील. तारीख असेल, तर मात्र तोच नकाशा पुढच्या तुकडीला तुलनेसाठी मोलाचा ठरेल. मूळ तक्ते, माहिती अधिकाराचा अर्ज आणि त्याचे उत्तर विभागाच्या संगणकावर वेगळे जपून ठेवा. अर्जदाराचा पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक मात्र प्रसिद्ध प्रतीतून झाकावा. संकेतस्थळ एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यावर असेल, तर तो पदवी घेऊन गेल्यावर नूतनीकरण राहून जाते आणि सगळे काम एका दिवसात नाहीसे होते. तेव्हा ते महाविद्यालयाच्या खात्यावर घ्यावे. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा असा दुवा अधिक बोलतो, हा माझा अनुभव आहे.

ज्येष्ठ प्राध्यापक

वरील दोन्ही मते मला मान्य आहेत, पण विद्यार्थ्यांचीही संमती घ्यावी, हे कोणी म्हटलेले नाही. गुणांसाठी लिहिलेला मजकूर कायम नावासह राहावा, अशी सक्ती करता येणार नाही, आणि ही संमती निकाल लागल्यावरच विचारावी, म्हणजे गुणांचे दडपण राहत नाही. प्रकल्प प्रसिद्ध ठेवल्यावर आपण केवळ परीक्षक राहत नाही, संपादक होतो. आलेली तक्रार तपासणे आणि दुरुस्ती तारखेसह नोंदवणे हे काम मग आपलेच. ज्या शहरातून ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवणाऱ्या कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी इतर तीन हुतात्म्यांसह पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिले गेले, त्या शहरातील मुलांना छापलेल्या शब्दाची जबाबदारी पहिल्या वर्षापासून शिकवली पाहिजे.

नवी प्राध्यापिका, सोलापूर

सर्वांची मनापासून आभारी आहे. पाण्याचा नकाशा तारीख घालून, विद्यार्थ्यांची संमती मिळताच महाविद्यालयाच्या खात्यावर घेते. विडी कामगारांच्या मुलाखती तूर्त बंद ठेवते आणि त्याच मुलींसोबत मीही पूर्व भागात जाते.