हिर्डोशी खोऱ्यात गेल्यावर बॅटरी लवकर का संपते? ५जी बंद करावे का?

वरंधवाट
नमस्कार. मी नोकरीनिमित्त पुण्यात कोथरूडला राहतो आणि सुट्टीत भोर तालुक्यातील हिर्डोशी खोऱ्यात, आमच्या गावी जातो. पुण्यात सकाळी चार्ज केलेला फोन रात्रीपर्यंत आरामात पुरतो. गावी मात्र तोच फोन फारसा न वापरताही दुपारीच निम्म्यावर येतो आणि खिशात असताना कोमट लागतो. फोन ॲन्ड्रॉइड आहे, त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आहेत आणि नेटवर्कची निवड ‘५जी/४जी/३जी/२जी ऑटो’ अशी आहे. गावी ५जीचे चिन्ह मधूनच येते, मधूनच जाते आणि ते दिसत असतानाही साधा व्हिडिओ अडखळतो. ५जी कायमचे बंद करावे, असे अनेकांनी सुचवले. पण पुण्यात तो वेग मला खरोखर उपयोगी पडतो. कार्यालयातून केव्हाही फोन येऊ शकत असल्याने विमान मोड लावून ठेवणे शक्य नाही. कोणते सेटिंग बदलावे आणि का, हे जाणकारांनी सांगावे.

तरंगलांबी
आपल्या वर्णनावरून दोष ५जीचा कमी आणि दुबळ्या सिग्नलचा जास्त दिसतो. फोन टॉवरचे नुसते ऐकत नाही, त्याला उत्तरही देतो. टॉवर जवळ असेल तर हे उत्तर मिलिवॉटच्या अंशाएवढ्या ताकदीवर भागते, पण मध्ये डोंगर आला की फोन आपली ताकद वाढवत नेतो आणि साधारण २०० मिलिवॉटच्या कमाल मर्यादेपर्यंत पोहोचतो. त्यासाठी बॅटरीतून प्रत्यक्षात खर्च होणारी वीज याच्या कितीतरी पट असते, कारण सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. खिशात जाणवणारी ऊब बहुधा तीच.

‘फोनविषयी’ या भागात ‘सिम स्टेटस’ उघडल्यास सिग्नलची ताकद डीबीएममध्ये (ती मोजण्याच्या एककात) दिसते. आकडा उणे असतो: ४जीसाठी -८५च्या आसपास असेल तर उत्तम, -११०च्या पलीकडे गेला तर दुबळा. दर १० डीबीएमला सिग्नल दहा पटींनी घटतो, म्हणून -९० आणि -११० यांतील फरक शंभर पटींचा आहे. वरच्या दांड्यांवरून याची कल्पना येत नाही, कारण किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो.

५जीचे म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ही सेवा सुरू झाली तेव्हा एअरटेलने ४जीच्या आधारावर चालणारी रचना निवडली आणि जिओने स्वतंत्र ५जीची. पहिल्या रचनेत फोन ४जी आणि ५जी असे दोन्ही दुवे एकाच वेळी सांभाळतो. दोन्हीपैकी कोणतीही रचना असली, तरी ५जीच्या पोहोचेच्या सीमेवरच्या गावात फोन सतत मोजमाप करत आणि एका जाळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. म्हणून गावी गेल्यावर ‘४जी/३जी/२जी ऑटो’ निवडावे आणि पुण्यात परतल्यावर ५जी पुन्हा सुरू करावे. कायमचे बंद करण्याचे कारण मला दिसत नाही.

घाटमाथा
वेगाबद्दल थोडी भर घालतो. चिन्ह एकच असले, तरी त्यामागची लहर एकच नसते. २०२२च्या स्पेक्ट्रमच्या (मोबाइल लहरींच्या) लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. ही लहर लांबवर पोहोचते आणि भिंतीतूनही बरी जाते, पण तेथे कंपनीकडे १० मेगाहर्ट्झ एवढीच रुंदी आहे, आणि रुंदी कमी की वेगही कमी. शहरात जो वेग मिळतो तो मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून. तेथे रुंदी १०० मेगाहर्ट्झ आहे, मात्र ही लहर डोंगराआड फारशी टिकत नाही. त्यामुळे कोथरूडचे ५जी आणि खोऱ्यात कसेबसे पोहोचणारे ५जी यांची तुलनाच करू नये. दुबळ्या ५जीपेक्षा भक्कम ४जीवर व्हिडिओ नीट चालतो, हे ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) वेग मोजणाऱ्या मायस्पीड ॲपवर एकाच जागी बसून दोन्ही निवडी तपासल्यास आपल्यालाच दिसेल. तपासणी दुपारी आणि रात्री अशी दोनदा करावी, कारण रात्री टॉवरवर गर्दी वाढली की सेटिंग कोणतेही असो, वेग उतरतो.

एपीएन (फोनला कंपनीमार्फत इंटरनेटशी जोडणारे सेटिंग) बदलून वेग वाढतो हा समज मात्र सोडून द्यावा. एपीएन चुकले तर इंटरनेट बंद पडते. बरोबर असेल तर त्यात सुधारण्यासारखे काही उरत नाही.

शांतसिम
वर दोघांनीही दुसऱ्या सिमचा विचार केलेला नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे. ज्या कंपनीचा सिग्नल गावात जवळजवळ नाही, तिचे सिम फोनमध्ये चालू राहिले तर मोडेम (फोनमधला नेटवर्कशी बोलणारा भाग) तिचे जाळे पुन्हा पुन्हा शोधत राहतो. सिम काढायची गरज नाही. सेटिंगमध्ये ते तात्पुरते बंद करता येते.

दुसरे, पार्श्वभूमीत चालणारी ॲप पाहावीत. शेवटचा संदेश आला-गेला तरी जोडणी लगेच झोपत नाही, पुढचे काही सेकंद जागीच असते. त्यामुळे दिवसभर थोड्या थोड्या वेळाने होणारे ईमेल, फोटो आणि हवामानाचे सिंक हे एकदाच उतरवलेल्या मोठ्या फाइलपेक्षा अधिक महाग पडू शकते. गावी असताना डेटा सेव्हर चालू ठेवावा आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवावा.

वरंधवाट
सर्वांचे मनापासून आभार. ओसरीवर सिग्नल -११६ होता, मागच्या अंगणात -१०२. ५जी काढले आणि ज्या सिमला रेंज नाही ते बंद केले. आता फोन संध्याकाळपर्यंत टिकतो आणि गरमही होत नाही. एक शंका उरली आहे: बॅटरी आणखी वाचवण्यासाठी चालू असलेले सिम ‘फक्त २जी’वर ठेवले तर चालेल का?

तरंगलांबी
सिम जिओचे असल्यास अजिबात नाही, कारण त्या कंपनीचे २जी आणि ३जी जाळेच नाही आणि तिचे कॉलही ४जी किंवा ५जीवरूनच जातात. ‘फक्त २जी’ निवडले की फोन सेवेबाहेर जाईल आणि कार्यालयाचा फोन लागणार नाही. एअरटेलचे असल्यास कॉल येतील, मात्र इंटरनेट नावापुरतेच उरेल. एअरटेलने आपले ३जी २०२०मध्येच बंद केले असल्याने मधला पर्याय तेथेही नाही. घरी ब्रॉडबँड असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ चालू करावे. ओसरीवर -११६ असतानाही कॉल वायफायवरून स्पष्ट येतील आणि बोलताना फोनला टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जोर लावावा लागणार नाही.