संशय पहिल्या पानावर, निकाल कुठे? खेळाच्या बातमीचा पाठपुरावा कसा हवा

जामठा_एंड
फेब्रुवारी २०२३ ची नागपूरजवळच्या जामठा मैदानावरची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी घ्या. ९ तारखेला चित्रफीत फिरली: जडेजा सिराजच्या तळहातावरून काहीतरी घेतो आणि डाव्या तर्जनीला चोळतो. लगेच चेंडूशी छेडछाडीची चर्चा. ११ तारखेला सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांचा निर्णय आला: सामना मानधनाच्या २५ टक्के दंड आणि एक डिमेरिट गुण (नावावर नोंदला जाणारा दोषगुण). पण त्याच निर्णयात हेही होतं की मलम बोटाच्या सुजेसाठी होतं आणि त्याने चेंडूत काही बदल झाला नाही. चूक एवढीच की मैदानावरच्या पंचांना विचारलं नव्हतं.
आता 'जडेजाला दंड' असा दोन शब्दांचा मथळा दिला, तर वाचक काय समजणार? छेडछाड सिद्ध झाली! 'छेडछाड नाही, पंचांना न विचारल्याने दंड' हा मथळा लांब आहे, तरी तोच बरोबर. माझा आग्रह एवढाच: संशय ज्या पानावर आणि जेवढ्या जागेत छापला, निकालही तिथेच आणि तेवढाच छापा.

रात्रपाळी
मथळ्याचं पटलं, जागेचं नाही. त्याच ११ तारखेला, शनिवारी, ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१ धावांत आटोपला आणि भारत एक डाव १३२ धावांनी जिंकला. पहिलं पान त्या विजयाचंच. दंडाला मुख्य बातमीला लागून दीडशे शब्दांची चौकट पुरते, फक्त ती आतल्या पानात ढकलू नये.
पाठपुरावा बिघडतो तो जोडकामामुळे. वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तुकड्यातुकड्यांनी येते. संपादन डेस्कवर नवा इंट्रो (सुरुवातीचा परिच्छेद) वर चिकटवतात आणि खालचा मजकूर जुनाच ठेवतात. मग पहिल्या परिच्छेदात दंड झालेला असतो आणि पाचव्यात 'सामनाधिकाऱ्यांनी अद्याप निर्णय दिलेला नाही'. दुसरी चूक वारांची. कॉपीत 'शुक्रवारी' असतं, घाईत त्याचं 'आज' होतं आणि पेपर रविवारी हातात पडतो. उपाय साधा आहे: नवा इंट्रो लावल्यावर 'अद्याप', 'आज', 'काल', 'शक्यता' हे चार शब्द कॉपीत शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाचायचं. दोन मिनिटांचं काम.

डाकेचा_वाचक
भाऊ, तुमचं सगळं गणित शहर आवृत्तीचं आहे. २३ सप्टेंबर २०२२ आठवा. जामठ्याचं मैदान ओलं, सातची टी-ट्वेंटी साडेनऊला सुरू झाली, तीही आठ-आठ षटकांची. भारताने सहा गडी राखून जिंकली. अशा रात्री गडचिरोली-गोंदियाकडे जाणारी डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावासाठी लवकर छापलेला पेपर, आधीच सुटते. त्या वाचकाला सकाळी 'सामन्याला विलंब' मिळतो. दुसऱ्या दिवशीचा पेपर धरून चालतो की निकाल त्याने वाचलाय, म्हणून थेट पुढच्या सामन्याची चर्चा! धावफलक त्या घरात छापील रूपात कधी पोचतच नाही.

रात्रपाळी
निकाल मोबाईलवर कळतोच. शिळा धावफलक पुन्हा छापला की शहरातला वाचक तक्रार करतो.

डाकेचा_वाचक
शहराला देऊच नका. डाकेचं क्रीडा पान वेगळं लागतं ना? मग त्याच पानावर दुसऱ्या दिवशी पूर्ण धावफलक आणि शंभर शब्दांचा वृत्तांत, बाकी पान तसंच. आणि ज्या रात्री अर्धी बातमी जाते, तिच्या शेवटी एक ओळ टाका: 'हे पान छापायला जाईपर्यंत सामना सुरू झालेला नव्हता.' वाचकाला निदान कळतं की आपल्या हातात काय आहे.

जामठा_एंड
ही ओळ शहर आवृत्तीतही हवी.
जागेचा मुद्दा मात्र सोडत नाही. आठवड्यांनी येणाऱ्या निकालाचं काय? २०१५ ला याच मैदानावर दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात ७९ वर बाद झाली, कसोटी २७ नोव्हेंबरला, तिसऱ्याच दिवशी संपली. सामनाधिकारी जेफ क्रो यांनी खेळपट्टीला 'पुअर' (खराब) शेरा दिला, बीसीसीआयला उत्तरासाठी १४ दिवस होते, शेवटी अधिकृत ताकीद मिळाली. तोवर ना दौरा उरतो, ना पानावर कोणाला आठवण.

रात्रपाळी
त्याला मोठी जागा नको, तारखांची वही हवी. शेरा आला त्याच दिवशी १४ दिवसांनंतरच्या तारखेसमोर नोंद करायची आणि त्या दिवशी फोन लावायचा. इंदूरचं उदाहरण बघा. मार्च २०२३ मध्ये खेळपट्टीला 'पुअर' आणि तीन डिमेरिट गुण मिळाले. बीसीसीआयने दाद मागितली आणि त्याच महिन्यात शेरा 'बिलो ॲव्हरेज' (सरासरीपेक्षा कमी) झाला, गुण एकच राहिला. ज्याने पहिल्या बातमीवर फाइल बंद केली, त्याचा वाचक आजही तीन गुणच सांगतो.

जामठा_एंड
मग वहीत तारखेशेजारी पहिली बातमी कुठल्या पानावर, किती कॉलम होती तेही लिहा. निकाल आला की पान लावणाऱ्यासमोर तो आकडा असू द्या.

रात्रपाळी
लिहायला हरकत नाही. पण त्या रात्री पान ठरवणार रात्रपाळीचा प्रमुखच.